बदली गायिका आणि कोजागिरीची मैफल

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मोबाइलवर तू पाठविलेला लांबलचक मजकूर मी दोनदा वाचला. उत्तर मात्र मोबाइलवर द्यावेसे वाटेना, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. कोजागिरीला तुम्ही ज्या नामांकित गायकाला बोलावले होते त्यांनी आठ दिवस आधी नकार कळविला, वर्गणीतले निम्मे पैसे बिछायत केंद्र आणि साउंडवाल्याच्या इसारात अडकले, आणि आता त्यांच्या जागी तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणाऱ्या एक बाई गाणार आहेत, असा सगळा वृत्तांत देऊन शेवटी तू लिहिले आहेस की कार्यक्रम पडणार हे ठरलेच आहे, तो कमी लाजिरवाणा कसा होईल तेवढे सांगा.

तेवढे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. चाळीस वर्षे मी शाळेत शिकविले आणि तेवढीच वर्षे या पंचक्रोशीत येणाऱ्या-जाणाऱ्या गायकांच्या मागे पेटी धरली. भजन, कीर्तन, गझल, नाट्यगीत, कव्वाली, दोन-चार वेळा पक्के गाणे, जे समोर आले त्याला साथ केली. या काळात ज्या मैफली ठरल्यापेक्षा कितीतरी चांगल्या झाल्या त्यांपैकी पाच-सहा मला अजून जशाच्या तशा आठवतात, आणि आश्चर्य असे की त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकीत काहीतरी बिघडलेले होते. त्यावरून लोक दोन निष्कर्ष काढतात. अपेक्षाच कमी ठेवावी म्हणजे समाधान आपोआप जास्त मिळते, हा पहिला; आणि अडचण आली की कला फुलते, हा दुसरा. दोन्ही मला मान्य नाहीत. अपेक्षा न ठेवता मी ज्या मैफलींना गेलो त्यांतल्या बहुतेक अपेक्षेप्रमाणेच सामान्य निघाल्या. आणि पेटीचे तीन सूर बसलेले असताना मी निदान दहा वेळा वाजविले आहे, त्यांतून ऐकण्यासारखे काही एकदाही निघाले नाही. बिघाडामुळे गाणे चांगले होत नाही. बिघाडामुळे कधी कधी गाणारा आणि ऐकणारा यांच्या मधली एखादी वस्तू बाजूला होते, आणि ती वस्तू मध्ये होती हे तेव्हा कुठे कळते. आयोजकाला ती आधीच ओळखून काढता आली तर बिघाडाची वाट पाहावी लागत नाही.

मी नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली असतील. शाळेच्या नव्या खोल्यांच्या उद्घाटनाला नागपूरहून एक ख्यालगायक आले होते. त्या काळी ते फारसे कोणाला माहीत नव्हते, आणि आमच्या गावाला ख्याल म्हणजे काय तेही माहीत नव्हते. तीनशे माणसे जमली होती. म्हणजे आजवर मी तीनशेच सांगत आलो आहे, खरे तर दोनशेच असतील; अशा आठवणींत माणसे वाढत जातात. गाणे सुरू होऊन वीस मिनिटे झाली असतील-नसतील तोच लाइन गेली. माईक बंद, भोंगे बंद, मैदानावर काळोख. गायक थांबले. आम्ही हेडमास्तरांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तेवढ्यात मागच्या बाजूने एक म्हातारा कास्तकार ओरडला, "माईक नाही न जी, मंग आमाले इथून काय आयकू येनार? पुढे सरकू का?" उत्तराची वाट न पाहता माणसे उठली आणि सतरंज्या ओढत थेट स्टेजपर्यंत आली. बायका, ज्यांना आम्ही रीतीप्रमाणे मागे डाव्या बाजूला बसविले होते, त्याही आल्या. कोणी दोन कंदील आणले. गायकांनी तानपुरा पुन्हा मिळवून घेतला, आणि मघाशी माईकवर जो मालकंस ताठपणे, थोडा घाईने चालला होता तो मंद्रापासून परत मांडायला घेतला.

पुढचा सव्वा तास मी आयुष्यात पहिल्यांदा पेटी हळू वाजवायला शिकलो. भात्याचा नुसता श्वास सोडावा इतकाच वारा द्यायचा, नाहीतर आवाज गळ्यावर चढतो. तबलजी तळहात उचलून बोटांच्या टोकांवर आला. लोकांना राग कळला असे मी म्हणणार नाही. पण षड्जावर येऊन आवाज स्थिरावला की समोरची माणसे श्वास सोडत होती, हे मी डोळ्यांनी पाहिले. लाइन आली तेव्हा हेडमास्तर माईककडे धावले आणि पाच-सहा जणांनी त्यांना हातानेच बसायला सांगितले.

यात चमत्कार काहीच नव्हता, हे मला पुढे विज्ञान शिकविताना उमजले. मोकळ्या मैदानात ऐकणाऱ्याचे अंतर निम्मे झाले की त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौपट होते. पन्नास फुटांवरचा माणूस पंचवीस फुटांवर आला, एवढ्यानेच माईकची बरीचशी गरज संपली. शिवाय निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते, आणि अशा हवेत वर जाणारा आवाज वळून पुन्हा जमिनीकडे येतो. शेजारच्या गावचे भजन दुपारी ऐकू येत नाही आणि रात्री स्पष्ट येते, त्याचे कारण हेच. म्हणजे निसर्ग आपल्या बाजूने होता. आम्हीच माणसांना लांब बसवून, मध्ये भोंगे ठेवून, त्याची मदत नाकारली होती.

म्हणून तुझ्या मैदानाबद्दल मी पहिली सूचना करतो ती स्टेजची. बिछायतवाला चार फूट उंच स्टेज देईल, कारण त्याच्याकडे तेच असते आणि पुढाऱ्यांना ते आवडते. तू दीड फुटाचे माग. नसेल तर शाळेचे बाक उलटे करून त्यांवर फळ्या टाक. पहिली सतरंजी स्टेजपासून पाच फुटांवर यावी. पाहुण्यांचे सोफे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या समोर मांडू नकोस, बाजूला मांड. खुर्चीवरचा माणूस मागच्या चार रांगांना झाकतो आणि वर मोबाइल पाहत बसतो. बायकांना निम्मी पुढची जागा दे. यावर कोणी काही बोलले तर माझे नाव सांग.

साउंडवाला तुला विचारेल की देवळावरचा भोंगाही जोडून देऊ का, म्हणजे साऱ्या गावाला ऐकू जाईल. नाही म्हण. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. तुमचे देऊळ मैदानापासून शंभर मीटरवर तरी आहे, म्हणजे तिथल्या भोंग्याचा आवाज मैदानात बसलेल्या माणसाला जवळपास तीन दशांश सेकंद उशिरा ऐकू येणार. भाषणात ते खपून जाते. गाण्यात मात्र प्रत्येक अक्षराला शेपूट फुटते, आणि द्रुत लयीत तबल्याचे बोल एकमेकांवर पडतात. लोकांना नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, ते फक्त 'मजा नाही आली' म्हणतात आणि दोष बाईंच्या गळ्यावर जातो.

आता तुझ्या मुख्य दुःखाकडे येतो, ते म्हणजे बदली गायिका. तुझ्या मजकुरात 'बदली' हा शब्द चार वेळा आला आहे आणि बाईंचे नाव एकदाही नाही. हे मला खटकले.

जगाच्या दुसऱ्या टोकाची एक गोष्ट सांगतो. १४ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिथल्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे संचालन ब्रुनो वॉल्टर करणार होते. त्यांना फ्लू झाला. त्यांच्या जागी पंचवीस वर्षांचा सहायक संचालक, लिओनार्ड बर्नस्टाइन, एकही तालीम न घेता उभा राहिला. कार्यक्रम रेडिओवरून देशभर जात होता आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर त्याची बातमी आली. ही गोष्ट सहसा नशिबाची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते तिच्यातला महत्त्वाचा भाग वेगळा आहे. सहायकाचे कामच असे होते की मुख्य माणूस आजारी पडला तर उभे राहता यावे, म्हणून त्या रचनांचा अभ्यास त्याने केलेला होता. तालीम झाली नव्हती, तयारी झालेली होती. ऐकणाऱ्यांना तयारी ठाऊक नव्हती, म्हणून त्यांना ते अपेक्षेपलीकडचे वाटले.

तुमच्या बाईंची तयारी किती आहे, हे तुला माहीत आहे का? त्या किती वर्षे शिकल्या, कोणाकडे शिकल्या, पहाटे रियाज करून मग शाळेची बस पकडतात की काय, यातले काही तू विचारलेस का? नोकरी करून गाणारी व्यक्ती म्हणजे हौशी, अशी समजूत आपल्याकडे आहे आणि ती आपल्याच मातीने खोटी ठरविलेली आहे. वसंतराव देशपांडे १९२० साली आपल्या मूर्तिजापूरला जन्मले. पुढे कितीतरी वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी कारकुनी केली, आणि १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात खाँसाहेबांची भूमिका करून ते महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. त्या आधीच्या वर्षांत ज्यांनी त्यांना एखाद्या लहान बैठकीत ऐकले असेल, त्यांच्या मनात आधी 'कारकून आहेत, गातात म्हणे' असेच आले असणार. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेची वसंतरावांशी तुलना मी करीत नाही. तुलना तुझ्या मनातल्या वाक्याची करतो आहे.

त्या बाईंना आजच फोन कर. 'त्यांना जमले नाही म्हणून तुम्हाला बोलावतो' हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नकोस. त्यांना ते ठाऊक आहेच. त्यांना विचार की तुम्हाला काय गायला आवडेल. नामांकित गायकासाठी तुम्ही जी फर्माईशींची यादी केली होती ती त्यांच्या हाती देऊ नकोस. मी पाहिलेल्या पडलेल्या मैफलींत निम्म्या अशाच पडल्या: बदली आलेल्या माणसाला मूळ माणसाचा कार्यक्रम गायला लावला.

एक पडलेली मैफलही सांगून टाकतो, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर झाली. तालुक्याच्या गावी फार मोठ्या नावाचे गायक आणले होते. एलईडीचा पडदा, छातीत धडधडणारे बेस, पुढे सोफ्यांच्या तीन रांगा. साडेसातला गाणे सुरू होणार होते. सव्वानऊपर्यंत सत्कार चालले. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, मग त्या सत्काराला उत्तर, मग ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा रुसवा काढण्यासाठी आणखी सत्कार. रात्री १० नंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, हा नियम सर्वांना माहीत असूनही. गायकांना पाऊण तास मिळाला. पहिल्या गाण्यापासून त्यांचे लक्ष घड्याळाकडे होते आणि मी त्यांना दोष देत नाही. लोकांना त्या रात्री जेवढे हवे होते तेवढे देणे कोणालाच शक्य नव्हते, कारण दोन महिने पोस्टरांनी ते वाढवत नेले होते.

तुझ्या कार्यक्रमाला ठीक सात वाजता सूर लागला पाहिजे. काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, पण कोजागिरी तुमच्या जिल्ह्याच्या यादीत आहे की नाही हे पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय तिच्या भरवशावर राहू नकोस. दहाला गाणे संपवा, मग निवांत दूध प्या. सोयाबीनची सोंगणी करून थकलेल्या माणसांना तीन तास पुरे आहेत. सत्कार करायचेच असतील तर दुधाच्या वेळी करा. तेव्हा कोणी अडवत नाही आणि कोणी ऐकतही नाही.

सुरुवात मात्र भाषणाने नको. याबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण मला आठवणाऱ्या मैफलींत सर्वांत अनपेक्षित ठरलेली मैफल याच गोष्टीने घडली.

ती रात्रही कोजागिरीचीच होती, गाव दुसरे. यवतमाळकडून येणाऱ्या गायकांची जीप वाटेत पंक्चर झाली आणि त्या काळी निरोप पोहोचायला मोबाइल नव्हता. आठ वाजले, साडेआठ वाजले, लोक उठू लागले. आयोजकांनी मला सांगितले, "गुरुजी, पेटी वाजवत राहा." नुसती पेटी कोण ऐकणार? समोर भुलाबाईच्या पोरी बसल्या होत्या. तुला सांगायला नको, भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर आपल्याकडे पोरी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात आणि कोजागिरीला तिची बोळवण होते. म्हणजे त्या रात्री त्यांचा महिनाभराचा रियाज झालेला होता, फक्त त्याला रियाज म्हणायची पद्धत आपल्यात नाही. मी त्यांना म्हटले, म्हणा. त्या लाजल्या, एकमेकींना ढकलू लागल्या. पहिले गाणे इतके हळू म्हटले की पहिल्या रांगेलाही ऐकू गेले नसेल. दुसऱ्या गाण्याला मागून एका आजीने आवाज लावला आणि पोरींचा धीर सुटण्याऐवजी वाढला. मग बायकांची एक बाजू ओळ टाकू लागली, दुसरी उचलू लागली. या गाण्यांचा पल्ला चार-पाच सुरांचा असतो, ठेका अगदी साधा; पण दीडशे बायका एकाच वेळी त्या चार सुरांवर असतात तेव्हा पेटीवाल्याने हात काढून घ्यावा एवढेच उरते. मी काढून घेतला.

गायक केव्हातरी येऊन स्टेजमागच्या अंधारात उभे होते. कोणी त्यांना पुढे नेऊ लागले तर त्यांनी खूण करून थांबविले. गाणी संपून पोरी खाऊ ओळखायच्या खेळाला लागल्या तेव्हा ते वर आले, आणि आजींना उद्देशून म्हणाले की मघाची तिसरी ओळ पुन्हा म्हणून दाखवा. आजींनी म्हटली. त्यांनी ती स्वरांत बसवून घेतली, मला पेटीवर धरायला सांगितली आणि तिच्यातूनच आलाप सुरू केला. तबलजीला हे मुळीच आवडले नव्हते. तो ठरलेल्या बंदिशीचा ठेका मनात धरून आला होता आणि अर्धा तास त्याचा चेहरा पडलेला होता. गायकांनी पुढे जी ठरलेली गाणी म्हटली ती चांगली होती, पण तशी गाणी मी इतरत्रही ऐकली आहेत. त्या आलापाचा अर्धा तास मात्र पुन्हा मिळाला नाही. लोक आपले गाणे त्यांच्या गळ्यातून परत येताना ऐकत होते, आणि ऐकताना कुठे काय बदलले ते त्यांना कळत होते. ख्यालाच्या मैफलीत पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना जी जाण असते म्हणतात, तीच जाण त्या बायकांना त्या ओळीपुरती होती. नंतर त्या गायकांना मी तीन-चार वेळा साथ केली; एकदा मी त्या रात्रीची आठवण काढली तर त्यांना पंक्चर आठवले आणि आलाप आठवला नाही.

म्हणून सातच्या ठोक्याला भुलाबाईच्या पोरींना बसव, वीस मिनिटे, आणि बाईंना आधीच सांगून ठेव की त्या वेळी तुम्ही स्टेजवरच बसून ऐका. पुढे त्या काय करतील ते त्यांच्यावर सोड. बाई स्वतः विदर्भातल्या आहेत. त्यांनीही लहानपणी भुलाबाईसमोर फेर धरला असेल.

'आपल्या लोकांना ऐकायची सवय नाही' असे एक वाक्य तुझ्या मजकुरात आहे. गुरुकुंज मोझरीला तू कधी आश्विन वद्य पंचमीला गेला आहेस का? राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी त्यांची पुण्यतिथी येते आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथे जमलेला लाखोंचा समुदाय मौन धरून उभा राहतो. त्यांतली बहुतेक माणसे तुझ्या-माझ्यासारख्या खेड्यांतूनच आलेली असतात. खंजिरी घेऊन एक माणूस गावोगाव फिरला आणि वऱ्हाडातल्या कास्तकाराने त्याच्यासमोर रात्र रात्र बसून भजन ऐकले. पूर्वेला झाडीपट्टीत जा, थंडीच्या दिवसांत घोंगडी पांघरून माणसे पहाटेपर्यंत नाटक पाहतात आणि वाद्यांची साथ समोर प्रत्यक्ष असते. आपल्याच तालुक्यात दुय्यम कव्वालीचा, म्हणजे दोन पार्ट्यांनी समोरासमोर गायच्या कव्वालीचा, सामना असला की त्यांतले सवाल-जवाब पाठ म्हणणारे श्रोते मला भेटलेले आहेत. ऐकायची सवय आहे. कशासाठी बसलो आहोत हे कळले नाही, तर मात्र माणसे बोलू लागतात.

हे कळविण्याचे काम निवेदकाचे असते. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम झाले, दोन्ही मिळून सुमारे चाळीस हजार लोक आले. सुरुवातीला पंडित रविशंकर सतार आणि उस्ताद अली अकबर खाँ सरोद घेऊन बसले, तबल्यावर उस्ताद अल्लारखा होते. वाद्ये मिळवून झाली तोच सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला; रविशंकरांनी हसून आभार मानले आणि सुचविले की जुळवणी एवढी आवडली तर वादन अधिक आवडेल. लोक यावर हसतात. मला त्या श्रोत्यांचे कौतुक वाटते. काय चालले आहे हे माहीत नसूनही ती माणसे कान देऊन बसली होती. आपल्याकडे त्याच दोन मिनिटांत 'चहा आला का रे' सुरू होते. तुमच्या निवेदकाला सांग की बाईंची विशेषणे सोडून द्यावीत आणि तबला मिळवला जात असताना तबला का मिळवतात ते चार वाक्यांत सांगावे. समोरच्या तबल्याच्या गट्ट्यांवर हातोडी पडत असताना ते ऐकणारे पोर पुढे तबलजीकडे वेगळ्या नजरेने पाहते.

तबल्यावरून आठवले. कोजागिरीला दव पडते. कातडे ओलसर झाले की सैल पडते आणि तबला उतरतो. डफवाले डफ शेकतात ते याचसाठी, पण तबला असा शेकोटीवर धरता येत नाही. स्टेजवर कापडी छत पाहिजेच, चांदणे कितीही सुंदर असले तरी. दोन गाण्यांच्या मध्ये तबल्यावर जाड कापड टाकायला सांग आणि मिळवायला वेळ लागला तर हातवारे करून घाई करू नकोस. हॅलोजन मात्र श्रोत्यांच्या बाजूचे सगळे काढून टाक. पौर्णिमेला कोणी पैसे देऊन उजेड आणतो का? शिवाय त्यांच्याभोवती किडे जमतात आणि गाणाऱ्याच्या तोंडात जातात. हसू नकोस, हे मी पाहिले आहे.

आता तुझ्या मनात राहिलेल्या एका गोष्टीबद्दल. तू लिहिलेस की गायकांनी नकार दिला त्या रात्री तुला झोप आली नाही. तुझ्याएवढ्याच वयाच्या एका मुलीची हकिकत सांगतो. जर्मनीतल्या कोलोन शहरात २४ जानेवारी १९७५ रोजी कीथ जॅरेट या पियानोवादकाचा कार्यक्रम अठरा वर्षांच्या व्हेरा ब्रँडेस हिने ठेवला होता. ऑपेरा हाउस मिळाले ते रात्री साडेअकराचे, आधीचा प्रयोग संपल्यावर. जॅरेट दूरवरून मोटारीने थकून आले, पाठ दुखत होती, आणि पाहतात तर मागितलेल्या मोठ्या पियानोऐवजी तालमीचा एक लहान पियानो ठेवलेला; वरचे सूर किरकिरे, खालचे दुबळे, पायाखालच्या कळा नीट न चालणाऱ्या. त्यांनी वाजवायला नकार दिला. तिने त्यांची मनधरणी केली आणि तंत्रज्ञ काही तास त्या पियानोवर राबले. जवळपास चौदाशे लोकांसमोर जॅरेट बसले आणि सूर पोकळ वाटतात म्हणून मधल्या पट्टीत राहिले, डाव्या हाताने एकच आकृती पुन्हा पुन्हा फिरवत ठेवली, कमी आवाज भरून काढण्यासाठी जोर लावून वाजविले. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण पुढे एकट्या पियानोच्या ध्वनिमुद्रणांत सर्वाधिक खपणाऱ्यांत गणले गेले. माझ्या मुलाने ते मला ऐकविले. पियानोतले मला कळत नाही, पण डाव्या हाताची ती फिरत राहणारी आकृती ऐकताना भजनातला धृपदावर परत येणारा घोळका मला आठवला.

या हकिकतीत लोक वादकाचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. मला त्या तंत्रज्ञांचे अधिक वाटते. पियानो चांगला होणार नाही हे त्यांना ठाऊक होते. तो वाजविण्याजोगा होईल एवढेच त्यांच्या हातात होते आणि तेवढे त्यांनी केले. तुझेही काम याच जातीचे आहे. ठरलेला गायक तू परत आणू शकत नाहीस. सतरंजी पाच फूट पुढे आणू शकतोस.

पोस्टर पुन्हा छापू नकोस, पैसे नाहीत. जुन्या पोस्टरवर कागदाची पट्टीही चिकटवू नकोस, ती केविलवाणी दिसते. दवंडी दे, आणि शाळेत पोरींमार्फत घरोघरी निरोप पाठव की भुलाबाईची गाणी मैदानावर होणार आहेत आणि नंतर बाई गाणार आहेत, नाव घेऊन. ज्यांना नामांकित गायकच हवे होते ते येणार नाहीत. त्यांची जागा रिकामी दिसू नये म्हणून सतरंज्या कमी टाक, लागल्या तर मागाहून टाकता येतात. शंभर माणसे जवळ बसलेली असली की मैफल भरलेली दिसते, पाचशे माणसांच्या मांडणीत तीनशे बसली की ओस दिसते.

मी त्या दिवशी दुपारी चारच्या एसटीने पेटी घेऊन येतो. साथीला कोणी ठरविले असेल तर मी मागे बसेन, नसेल तर वाजवीन. मानधनाचा विषय काढू नकोस. बाई काळी चारमध्ये गातात की पांढरी पाचमध्ये, हे फोन करशील तेव्हा विचारून मला उद्या संध्याकाळपर्यंत कळव. माझ्या पेटीचा तार सप्तकातला एक सूर पावसाळ्यापासून धरून बसला आहे, आणि पट्टी कळली तर तो दुरुस्त करायला कारंजाला न्यावा लागेल की तसाच चालवून घेता येईल, ते ठरवता येईल.

तुझा,
पेटीवाले गुरुजी